सर, हे पंधरा कुठून आले?

गेल्या दिवाळीत एक जुना विद्यार्थी घरी आला होता. बी.एस्सी.ला गणित घेतलेला. मग तीन वर्षांचे एलएल.बी. करून आता जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताचे दावे चालवतो. चकलीचा तुकडा तोंडात असतानाच त्याने बॅगेतून एक दुमडलेला कागद काढला. नावे खोडलेली होती, आकडे तेवढे शिल्लक. मयत गवंडी, वय ३८, महिन्याची कमाई १५,००० रुपये, मागे बायको, दोन मुले आणि म्हातारी आई.

हिशेब त्याला तोंडपाठ होता. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढे वाढली असती त्या कमाईपोटी ४० टक्के मिळवायचे : २१,०००. अवलंबून असलेली माणसे चार, म्हणून मयताच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा : १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. वय ३६ ते ४० च्या रकान्यात, म्हणून गुणक १५. एकूण २८,३५,०००, अंत्यविधी वगैरेंच्या ठरावीक रकमा वेगळ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातला तक्ता आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालातली टक्केवारी, दोन्ही त्याने पाढे म्हणावेत तशी म्हणून दाखवली.

"गुणाकार येतो हो सर," तो म्हणाला, "पण हे पंधरा कुठून आले? साठीपर्यंत काम केलं असतं तर बावीस वर्षं होतात. मग बावीसनं का नाही गुणायचं? सिनिअरना विचारलं तर म्हणतात, तक्त्यात आहे ना, मग झालं."

त्याच कागदाच्या पाठीवर मी त्याला गुणोत्तर श्रेढी मांडून दाखवली. पैसे आज एकरकमी मिळणार, गवंडी मात्र ते वर्षावर्षाने कमावणार होता. आजची रक्कम बँकेत ठेवली, दर वर्षअखेरीस त्यातून १,८९,००० काढले आणि बाविसाव्या वर्षी खाते बरोबर रिकामे झाले, तर सुरुवातीला किती ठेवायला हवे होते? बावीस पदांची बेरीज. व्याजदर ३.६ टक्क्यांच्या आसपास धरला की उत्तर पंधरापट येते. दर वाढवला की गुणक घटतो, कमी केला की वाढतो. तो बराच वेळ त्या बेरजेकडे बघत बसला. मग म्हणाला, "हे तर अकरावीतलं आहे."

अकरावीतलेच आहे, आणि तेच मला लागले. तीन वर्षे तो माझ्या वर्गात होता. अनंत श्रेढी, अभिसरण, कॉशीचा निकष, सगळे मी त्याला शिकवले. श्रेढीच्या बेरजेवर एखाद्या विधवेचा संसार उभा राहतो, हे सांगितले नाही. पुढे तीन वर्षे लॉ कॉलेजने त्याला तक्ता दिला, श्रेढी दिली नाही. एकाच मुलाच्या डोक्यात सहा वर्षे दोन विषय शेजारी राहिले आणि त्यांची ओळख कोणी करून दिली नाही.

पदवीच्या पातळीवर गणित आणि कायदा हे विषय एकत्र घेता आले पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे. दोन क्रेडिटांचा तोंडओळखीचा पेपर म्हणून नव्हे. एक मुख्य आणि दुसरा भरघोस दुय्यम, असे. हे ऐकून पहिली प्रतिक्रिया बहुधा हसण्याची येते. आपल्याकडे गणित नको म्हणून मुले लॉला जातात, आणि पाठांतर नको म्हणून गणिताला. दोघांनाही एकमेकांपासून लांब ठेवल्याबद्दल व्यवस्थेचे आभारच मानायचे असतात.

पण विषय मुळात इतके लांबचे नाहीत. टिळकांनी १८७७ साली डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. केले आणि १८७९ साली एलएल.बी. त्यांच्या चरित्रातल्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते; ही जोडी मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही. तिकडे कोलकात्यात आशुतोष मुखर्जी गणितात एम.ए. करून, शोधनिबंध लिहून, १९०४ साली उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्या पिढीला यात विचित्र काही वाटत नव्हते. दोन्हीकडे काम एकच : काय गृहीत धरले आहे ते स्पष्ट करा, आणि त्यातून काय निघते व काय निघत नाही ते पायरीपायरीने दाखवा.

फरकही आहे, आणि खरी गंमत त्या फरकात आहे. इंग्रजीत दोन्हीकडे 'प्रूफ' हा एकच शब्द चालतो. मराठीने मात्र सिद्धता गणिताला दिली आणि पुरावा कोर्टाला. सिद्धता एकदा झाली की झाली. उद्या नवा साक्षीदार आला म्हणून पायथागोरसचे प्रमेय डळमळत नाही. पुराव्याचे तसे नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने एखादी गोष्ट शाबीत झाली असे केव्हा म्हणायचे याची व्याख्याच अशी केली की, शहाण्या माणसाने ती खरी धरून वागावे इतकी ती संभवनीय वाटली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, पण व्याख्या तीच राहिली. म्हणजे कायद्याने शाबितीच्या व्याख्येतच संभाव्यता घालून ठेवली आहे, आणि संभाव्यता हा विषय एलएल.बी.च्या अभ्यासक्रमात शोधूनही सापडत नाही.

याचा परिणाम पाहा. दिवाणी दाव्यात संभवनीयतेचे पारडे ज्याच्या बाजूला झुकेल तो जिंकतो. पन्नास टक्क्यांहून थोडे जास्त पुरे. समजा, वादीला दोन गोष्टी दाखवायच्या आहेत : धडक देणारा ट्रक हाच होता, आणि तो बेदरकारपणे चालवला जात होता. निकालपत्रात हे दोन वेगळे मुद्दे काढले जातात आणि प्रत्येकासमोर 'होकारार्थी' किंवा 'नकारार्थी' असे लिहिले जाते. पहिल्याची शक्यता ०.७, दुसऱ्याचीही ०.७. दोन्ही होकारार्थी, दावा मंजूर. पण दोन्ही गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर दोन्ही एकत्र खऱ्या असण्याची शक्यता ०.४९ भरते, निम्म्याहून कमी. मग निकाल चुकला का? की मुद्दे सुटे काढायची पद्धतच गुणाकार टाळायला शिकवते? की न्यायाधीशाच्या मनातली 'शक्यता' आणि गणितातली संभाव्यता या मुळातच वेगळ्या चिजा आहेत? जगभरचे पुरावाशास्त्रवाले या कोड्यावर भांडत आले आहेत. आपल्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात एस.वाय.च्या वर्गात हे कोडे टाका; तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू येणार नाही.

आता एक वाडा डोळ्यांसमोर आणा. प्रकरण आपल्या सांगलीच्या कोर्टातले आहे आणि कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला नावाने ठाऊक आहे : गुरुपाद विरुद्ध हिराबाई. १९६० मध्ये खंडाप्पा वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत ७/२४ वाटा मागितला, आणि आईच्या विरोधात उभा राहिला तो मुलगा. मी वर्गात हे सांगताना मिळकत चोवीस खणांचा वाडा आहे असे धरले होते (खऱ्या मिळकतीत दोन घरे, दोन दुकाने, जमीन वगैरे होते, पण खणांत मोजलेले मुलांना दिसते). कायदा म्हणतो : खंडाप्पांच्या मरणाच्या क्षणाआधी वाटणी झाली असे समजा. मुंबईकडच्या मिताक्षरा या हिंदू कायद्याच्या परंपरेत बाप आणि मुलगे वाटणी करतात तेव्हा आईलाही मुलाइतका वाटा मिळतो. म्हणून वाटेकरी चार, प्रत्येकाला सहा खण. खंडाप्पांच्या वाट्याचे सहा खण त्यांच्या सहा वारसांत जातात, प्रत्येकी एक. हिराबाईंकडे सहा अधिक एक, सात. प्रत्येक मुलाकडेही सात. प्रत्येक मुलीकडे एक. सात त्रिक एकवीस आणि तीन, चोवीस. हिशेब जुळला.

खालच्या कोर्टाने हिराबाईंना किती दिले? १/२४. एक खण. बेरीज चुकली नव्हती. त्या कोर्टाचे म्हणणे असे की, काल्पनिक वाटणी खंडाप्पांचा वाटा काढण्यापुरती धरायची. तो काढून झाला की कल्पना सोडून द्यायची. उच्च न्यायालयाने ७/२४ दिले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी ते कायम केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : वाटणी झाली असे एकदा समजल्यावर अर्ध्या वाटेत ते विसरता येत नाही. त्या समजण्यातून जे जे निघते ते सगळे पत्करावे लागते.

गणिताच्या मास्तराला हे वाक्य ऐकून भरून येते. 'समजा क्ष ही परिमेय संख्या आहे' असे लिहून चौथ्या ओळीत ते विसरणाऱ्या मुलांच्या उत्तरपत्रिका मी तीस वर्षे तपासल्या. पंधरा वर्षांहून जास्त चाललेला एक दावा त्याच चुकीबद्दल होता, आणि फरक एका आईच्या सहा खणांचा होता. गृहीतक म्हणजे काय, ते किती अंतरापर्यंत न्यायचे असते, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला कोणत्याही गणिताच्या पुस्तकात मिळालेले नाही.

सार्वजनिक प्रश्न म्हणून हे मांडायचे कारण मात्र घरगुती वाटण्यांपुरते नाही. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात एक इंग्रजी शब्दजोडी एस.टी. स्टँडवरच्या चहावाल्याच्याही तोंडी बसली : इम्पिरिकल डेटा, म्हणजे प्रत्यक्ष पाहणीतून गोळा केलेली आकडेवारी. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी तीन कसोट्या लावल्या. त्यांतली पहिली, आयोगामार्फत काटेकोर अनुभवजन्य चौकशी. पुढे बांठिया आयोग आला. त्याने मतदार याद्यांवरून, आडनावांच्या आधारे ओबीसींची गणती केल्याचे बाहेर आल्यावर २०२२ मध्ये गदारोळ झाला. महाराष्ट्रात पाटील, जाधव, पवार, शिंदे ही आडनावे किती जातींत सापडतात हे गावातल्या पोस्टमनलाही माहीत आहे. आयोगाचा अंदाज ३७ टक्क्यांच्या आसपास आला आणि जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने त्या अहवालानुसार निवडणुका घ्यायला सांगितले.

टीव्हीवर त्या दिवसांत रोज रात्री नऊ वाजता भांडण होई. कोण कोणाचा विश्वासघात करतो आहे यावर. एक साधा प्रश्न मी तिथे ऐकला नाही : आडनावावरून प्रवर्ग ठरवताना शंभरांत किती वेळा चूक होते, आणि ती चूक दोन्ही दिशांना सारखी आहे की एकाच बाजूला झुकलेली? सारखी असेल तर राज्याच्या बेरजेत बरीचशी फिटते, एकाच बाजूला असेल तर साचत जाते. हा प्रश्न बी.एस्सी.च्या संख्याशास्त्राचा आहे. आणि त्याला जोडून दुसरा : इतकी चूक असलेली गणती कायद्याच्या दृष्टीने 'काटेकोर' ठरते का? हा कायद्याचा. एक प्रश्न विचारणारे आपल्याकडे थोडे आहेत. दोन्ही एका दमात विचारणारे जवळजवळ नाहीत. मराठा आरक्षणाच्या २०२१ च्या निकालातही वादाचा एक मोठा भाग भाजक कोणता घ्यायचा हा होता. सरकारी पदांतला वाटा सगळ्या पदांच्या प्रमाणात मोजायचा की खुल्या प्रवर्गातून भरलेल्या पदांच्या? न्यायालयाने दुसरा धरला आणि चित्र पालटले. त्या निकालाबद्दल कोणाचे मत काहीही असो, इतक्या मोठ्या वादाची मेख अपूर्णांकाच्या रेषेखाली आहे हे किती जणांनी पाहिले?

भूसंपादनाचेही तसेच. २०१३ च्या कायद्याने जमिनीचा बाजारभाव ठरवताना आसपासच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांची सरसकट सरासरी घेऊ दिली नाही. सर्वांत जास्त किंमत दाखवणारी निम्मी खते निवडायची आणि त्यांची सरासरी काढायची. वरवर पाहता हे शेतकऱ्याला झुकते माप आहे. पण खरेदीखतात लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्ष हातात पडलेली रक्कम यांत काय नाते असते, हे ज्याने एकदा तरी रजिस्ट्रेशन ऑफिसच्या बाकावर दुपार काढली आहे त्याला सांगावे लागत नाही. मुद्रांक शुल्क वाचवायला आकडे खाली दाबलेले असतात. खालचे निम्मे टाकून देणे हा कायदे करणाऱ्यांनी त्या खोटेपणावर शोधलेला संख्याशास्त्रीय उतारा आहे. तो पुरेसा आहे का, कोणत्या गावात कमी पडतो, रस्त्यालगतच्या दोन बिनशेती प्लॉटांनी सरासरी कशी फुगते, हे एका पदवीच्या वर्गाला एक सत्रभर पुरेल. आणि पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज! कित्येक वर्षे ती पन्नास पैशांच्या खाली गेली की गाव टंचाईग्रस्त ठरे, वर राहिली की नाही. शेतातला एक ठरावीक मापाचा तुकडा कापून त्यावरून गावाचे नशीब लिहायचे. नमुना कसा निवडावा यावर याहून जिवंत धडा कुठे मिळणार?

मग आज स्थिती काय आहे? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चे आले. महाराष्ट्रात ते आधी स्वायत्त महाविद्यालयांत आणि मग २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाले. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम, शिवाय ओपन इलेक्टिव्ह, मूल्यशिक्षण, कौशल्याचे पेपर. कागदावर दार उघडे आहे. गणित मेजर घेणाऱ्याला मायनर म्हणून दुसरा विषय, आणि ओपन इलेक्टिव्ह तर दुसऱ्या विद्याशाखेतलेच घ्यायचे. प्रत्यक्षात मायनर म्हणून गणितवाल्याला मिळते संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, फार तर संगणक. ओपन इलेक्टिव्हचे तर विचारूच नका. ज्या शिक्षकाचा कार्यभार कमी पडतो त्याचा विषय ओपन इलेक्टिव्ह होतो. मी स्वतः अशा बैठकांना बसलो आहे आणि माझ्याच विभागाचा कार्यभार वाचवायला मी हात वर केला आहे. संविधानाचा दोन क्रेडिटांचा पेपर बहुतेक ठिकाणी आहे. मुले त्यात उद्देशिका पाठ करतात आणि बहुपर्यायी प्रश्न सोडवतात.

कायदा मात्र लॉ कॉलेजच्या कुंपणात. बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन. काळा कोट घालायचा असेल तर आत या, नाहीतर रस्ता धरा. याचे कारण म्हणून वकिलीचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलकडे बोट दाखवले जाते. बार कौन्सिलचे २००८ चे नियम कडक आहेत हे खरे, एलएल.बी. करताना दुसरी नियमित पदवी चालत नाही. पण ते नियम वकिलीची सनद ज्यावर मिळते त्या पदवीचे आहेत. गणिताच्या विद्यार्थ्याने मायनर म्हणून कायद्याचा अभ्यास केला तर तो सनद मागत नाही. सीबीएसईच्या शाळा अकरावी-बारावीला लीगल स्टडीज शिकवतात. कोणाची हरकत नाही. बी.कॉम.ची मुले करार कायदा, मालविक्री कायदा कित्येक वर्षे शिकत आली आहेत. वाणिज्यवाल्याला कायदा चालतो, विज्ञानवाल्याला चालत नाही, याला नियम नव्हे, सवय कारण आहे.

उलट्या बाजूने पाहिले तर अवस्था आणखी केविलवाणी. पाच वर्षांच्या लॉच्या सीईटीत गणिताला सगळ्यांत कमी वजन. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत, क्लॅटमध्ये, ते सुमारे दहा टक्के. तेवढी टक्केवारी, गुणोत्तरे, नळ-टाकीची गणिते करून मूल आत शिरते आणि पुढची पाच वर्षे आकडेमोडीचे तोंड बघत नाही. मग तेच मूल उद्या डीएनए अहवालावर उलटतपासणी घेते. अहवालात लिहिलेले असते की हा नमुना योगायोगाने जुळण्याची शक्यता कोट्यवधींत एक. त्यावरून आरोपी निर्दोष असण्याची शक्यता कोट्यवधींत एक असा अर्थ काढला जातो, आणि हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे सरकारी वकिलाला, बचावाला, कधी कधी खुद्द न्यायाधीशांनाही खटकत नाही. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्कचे १९९९ चे प्रकरण यावरूनच गाजले. तिची दोन तान्ही मुले एकामागून एक गेली आणि त्यांच्या खुनाचा खटला तिच्यावरच चालला. एका डॉक्टरने साक्षीत सांगितले की अशा घरात एक मूल असे अचानक जाण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, दोन जाण्याची त्याचा वर्ग, ७ कोटी ३० लाखांत एक. एकाच आईबापांची, एकाच घरातली दोन भावंडे स्वतंत्र घटना कशी धरली? हा प्रश्न त्या कोर्टात वेळेवर, पुरेशा जोराने विचारला गेला नाही. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीर निषेध केला, सॅली २००३ मध्ये सुटली, २००७ मध्ये वारली. सॅली क्लार्क स्वतः सॉलिसिटर होती. एवढे सांगून मी पुढे जातो, कारण त्यावर बोलत बसलो की मला राग येतो.

या म्हणण्यावर दोन्हीकडून आक्षेप येतात. कायदावाले म्हणतात, न्याय आकड्यांत मावत नाही. अगदी खरे. १९७१ मध्ये खटल्यांतल्या गणिताच्या सोसाविरुद्ध सर्वांत धारदार इशारा दिला तो हार्वर्डच्या लॉरेन्स ट्राइब यांनी. आकडा समोर आला की मोजता न येणाऱ्या गोष्टी नजरेआड होतात, हा त्यांचा मुद्दा आजही खोडता येत नाही. पण हे ट्राइब पदवीला गणित शिकलेले होते. आकड्याचा धाक त्यालाच वाटत नाही ज्याने आकडे आतून पाहिलेले असतात. गणित न शिकलेला वकील आकड्याला एक तर लोटांगण घालतो, नाहीतर 'मायलॉर्ड, ही सगळी आकड्यांची जादू आहे' म्हणून हात झटकतो. दोन्हींत अशिलाचे नुकसान आहे.

गणितवाल्यांचा आक्षेप जास्त खोचक असतो, कारण तो माझ्याच बिरादरीचा आहे. "मग आता आम्ही टोपोलॉजी सोडून सातबाऱ्यावरची आणेवारी शिकवायची का?" एका सहकाऱ्याने मला स्टाफरूममध्ये विचारले होते. टोपोलॉजी सोडू नका. पण गुणकाच्या तक्त्याकडे पुन्हा पाहा. माझ्या विद्यार्थ्याचा गवंडी ३८ चा होता. तो ३९ वर्षे ११ महिन्यांचा असता तरी भरपाई २८,३५,०००. चाळीस पूर्ण झाले की गुणक पंधराच राहतो, पण भविष्यातली वाढ ४० टक्क्यांवरून २५ वर येते आणि रक्कम होते २५,३१,२५०. एका वाढदिवसाला तीन लाख तीन हजार साडेसातशे रुपये. माणूस महिनाभराने थोरला झाला आणि त्याच्या घराचे तीन लाख गेले. खंडित फल, म्हणजे मधेच उडी मारणारे फंक्शन, काय असते हे इतक्या स्पष्टपणे कोणत्या आलेखात दिसते? आणि तिथून पुढे खरे गणित सुरू होते : ही पायरी गुळगुळीत करायची तर कोणते फल घ्यावे, त्याने कोणाचे वाढेल, कोणाचे घटेल, आणि सोपा तक्ता सोडून अवघड सूत्र आणले तर खालच्या कोर्टात ते वापरणार कोण? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गणितात नाही, कायद्यात आहे. न्यायालयांनी तक्ता केला तोच मुळी प्रत्येक न्यायाधिकरणाने मनाला येईल तो गुणक लावू नये म्हणून. एकसारखेपणासाठी थोडी अचूकता सोडली. हा सौदा समजणे हेही शिक्षणच.

शिक्षक कुठून आणायचे, हा आक्षेप मात्र मी टाळू शकत नाही. गणिताच्या निम्म्या जागा तासिका तत्त्वावरच्या माणसांनी भरल्यासारख्या दिसतात आणि त्या माणसांना मार्च आला की पुढच्या वर्षी आपण असू का हे माहीत नसते. अशा विभागावर नवे पेपर लादणे म्हणजे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून आणायचे, अशातली गत. पण कायद्याच्या बाजूला माणसे आहेत. बहुतेक तालुक्यांना दिवाणी न्यायालय आहे, तिथे सकाळी अकराच्या आधी मोकळे असणारे, शिकवायची हौस असणारे तरुण वकील आहेत. जिल्ह्याच्या गावी लॉ कॉलेज आणि सायन्स कॉलेज बहुधा एकाच संस्थेची, एकाच कंपाउंडमधली असतात. मधे फक्त सायकल स्टँड असतो. तेवढे ओलांडायला विद्यापीठाची परवानगी लागते, यूजीसीची ग्रँट नाही.

पेपरात काय असावे याबद्दल माझे मत ठरलेले आहे. सुरुवात कायद्याच्या इतिहासाने करू नये, वाटणीने करावी. मग व्याज आणि भरपाई. मग कलम वाचायचे, तर्कशास्त्र म्हणून : 'आणि' कुठे आहे, 'किंवा' कुठे, परंतुक कोणत्या वाक्याला लागते, स्पष्टीकरण व्याख्या वाढवते की आकसते. पुरावा आणि संभाव्यता तिसऱ्या वर्षाला, घाई न करता. आणि परीक्षेत एक तरी प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर बरोबर काढूनही 'मग हे न्याय्य आहे का' हे लिहावे लागेल. तपासायला अवघड जाईल. जाऊ दे.

मी हे थोडेसे करून पाहिले आहे, निवृत्तीच्या आधीच्या वर्षी, अभ्यासक्रमात नसताना. हिराबाईंचा वाडा फळ्यावर काढला आणि विचारले : आजचा कायदा लावा. २००५ च्या दुरुस्तीने मुलीही जन्मतः सहदायाद, म्हणजे एकत्र मिळकतीच्या हक्काच्या वाटेकरी, झाल्या. आता मरणाआधीच्या काल्पनिक वाटणीत वाटेकरी सात : खंडाप्पा, हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. प्रत्येकी १/७. खंडाप्पांचा १/७ पुन्हा सहा जणांत. १/७ अधिक १/४२, म्हणजे १/६. सगळ्यांना सारखे, चोवीस खणांतले चार-चार. वर्गात समाधानाचा सुस्कारा पसरला. उत्तर गोल आले की मुलांना बरे वाटते.

मागच्या बाकावरची एक मुलगी वहीत काहीतरी ताडून पाहत होती. "सर, मुलींचा एकाचा चार झाला. पण आईचा साताचा चार झाला की." मुलगे गप्प बसले होते, त्यांचाही साताचा चारच झाला होता. मी म्हटले, "बरोबर. मग कायदा बाईच्या बाजूचा झाला की विरुद्ध?" ती उभीच राहिली. मिनिटभर कोणी बोलले नाही. मग ती म्हणाली, "पण सर, आपण एकच घर धरलंय. तीपण कुणाची तरी मुलगी असेल ना? तिच्या माहेरचे खण कुठे मोजलेत?"

मी खडू तिच्या हातात दिला. तास संपला तेव्हा फळ्यावर दुसऱ्या घराची वंशावळ अर्धीच काढून झाली होती, आणि पुढच्या तासाचे रसायनशास्त्राचे सर दारात डस्टर घेऊन थांबले होते.